आश्रयगृहाचे हिशेब: बाईचं नाव न लिहिता व्हाउचर कसं ठेवायचं?

धुळे_विश्वस्त
नमस्कार मंडळी. कौटुंबिक हिंसाचारातून बाहेर पडलेल्या महिलांसाठी धुळे जिल्ह्यात आमचं बारा खाटांचं आश्रयगृह आहे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी, वर्षाचा खर्च साधारण १८ लाख, परदेशी पैसा नाही. यंदा सीए म्हणाले, ‘रोख दिली तिथं घेणाऱ्याचं नाव नाही, सही नाही, व्हाउचर अपुरं.’ एक मोठे देणगीदार लाभार्थींची फोटोसह यादी मागतायत. आणि अनुदान लांबलं की एक विश्वस्त खिशातून किराणा भरतात, मग अनुदान आल्यावर परत घेतात. हे नियमात कसं बसवायचं?

कीर्द_खतावणी
दादा, नाव गाळायचं नाही, वेगळ्या जागी ठेवायचं. बाई आली त्याच दिवशी तिला क्रमांक द्या, समजा २५/१७. क्रमांक आणि नाव यांची जोडी फक्त एका बांधीव वहीत, वही कुलपात, किल्ल्या दोन कार्यकर्तींकडेच. व्हाउचरवर क्रमांक, कारण, रक्कम, देणारीची सही आणि दुसऱ्या कार्यकर्तीची साक्ष. बाईची सही किंवा अंगठा असलेली मूळ पावती तिच्या फाइलमध्ये, त्या पावतीचा नंबर व्हाउचरवर.

सीएंनी संस्थेत येऊन हवी ती व्हाउचरं निवडावीत, वही आणि फाइल समोर उघडून ताडून पाहावीत, आपल्या कागदात फक्त क्रमांक उतरवावेत. वहीची झेरॉक्स त्यांच्या ऑफिसला जाता कामा नये, व्हॉट्सॲप तर नाहीच. ही पद्धत ठराव करून प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) लिहा, म्हणजे सीए बदलले तरी नव्यानं वाद नको.

एसटीच्या मशीनचं तिकीट काही महिन्यांत पांढरं पडतं आणि ऑडिटला कोरी चिठ्ठी हाती येते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा. पण तिकिटावर ‘कुठून कुठं’ छापलेलं असतं. तळोदा ते धुळे आणि तारीख, एवढ्यावर गावातला माणूस बाई ओळखतो. म्हणून तिकीट आणि झेरॉक्स दोन्ही फाइलमध्ये, व्हाउचरवर ‘प्रवास, २५/१७’ इतकंच. औषधाच्या बिलाचंही तसंच. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा पूर्ण भाडं लावलेलं दिसलं तर सीए विचारणारच, आणि त्यांनी विचारायलाच हवं.

पेटी कॅश (किरकोळ खर्चाची रोकड) ५,००० ची ठेवा. १,५०० उरले की जेवढे खर्च झाले तेवढ्याचाच चेक काढा. दर शनिवारी दोघींनी मोजून सही करायची. देणगीची रोकड या पेटीत कधीही टाकू नका, आधी बँकेत भरा. हिशेब बहुतेक वेळा इथंच फाटतो: आलेली रोकड परस्पर भाजीवाल्याला जाते, मग पावतीपुस्तक आणि पासबुक जुळता जुळत नाही.

तापीकाठ
विश्वस्तांच्या पैशांचं बोलतो. परत घ्यायचे म्हटले की ते न्यासानं घेतलेलं कर्ज झालं, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६अ प्रमाणे त्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हेतू कितीही चांगला असो, परवानगी नसेल तर ऑडिट रिपोर्टात शेरा येतो. एक तर देणगीची पावती फाडा आणि ते पैसे विसरा, नाही तर किराणा दुकानात संस्थेच्या नावानं महिन्याचं खातं ठेवून चेकनं फेडा.

खरा उपाय म्हणजे तीन महिन्यांचा खर्च राखीव, तुमच्या आकड्यात साडेचार लाख. ही ठेव शेड्यूल्ड बँकेत (रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीतल्या) ठेवा. जास्त व्याजासाठी पतसंस्थेत नको, ते त्याच कायद्याच्या कलम ३५ मध्ये बसत नाही, आणि जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांत ठेवी अडकलेली माणसं आपण सगळे पाहतोच आहोत.

धर्मादाय आयुक्तांकडे ऑडिट रिपोर्ट ३० सप्टेंबरच्या आत, विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत कलम २२ चा बदल अर्ज. तो राहून गेला की बँक सह्या बदलताना अडवते.

आखाजी_धुळे
यादी देऊ नका, फोटोही नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांतला नियम १६ स्पष्ट आहे: बाईची इच्छा असेल तर आश्रयगृहानं तिची ओळख उघड करायची नाही. देणगीदारांना तसं पत्र द्या आणि यादीऐवजी आकडे द्या. किती महिला, किती मुलं, किती मुक्काम-रात्री. समजा ३,००० रात्री भरल्या, तर १८ लाखांत रात्रीमागे ६०० रुपये. हा आकडा कुणीही उत्पन्न-खर्च पत्रकाशी ताडू शकतो, फोटो कशाशी ताडणार?

तालुकावार तक्ता मात्र छापू नका. ‘नवापूर – १’ लिहिलं की ती बाई सापडली. पाचाच्या खाली संख्या असेल तर जिल्ह्यात मिसळा.

पगारावर देणगीदारांचा प्रश्न येईल. समुपदेशक आणि रात्रपाळीच्या ताई हीच तर सेवा आहे, त्यांचा पगार ‘प्रशासन’ खाली दडपू नका. एकच बाई ऑफिसही बघत असेल तर महिन्याचा तासांचा तक्ता ठेवून पगार विभागा.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साड्या, धान्य, डाळ येते. ती आवक-जावक वहीत किलो आणि नगानं चढवा. वाटप झालं की तिथंही क्रमांकच.

धुळे_विश्वस्त
खूप मदत झाली. एकच राहिलं: रोख टाळायला बाईच्या खात्यात थेट पैसे टाकले तर?

कीर्द_खतावणी
आधी दोन गोष्टी विचारा: खातं जोडखातं आहे का, आणि त्याला मोबाइल नंबर कुणाचा आहे. नंबर नवऱ्याचा असेल तर संस्थेच्या नावासकट मेसेज त्याच्याच फोनवर जातो. तिच्या एकटीचं नवं जनधन खातं तिच्या स्वतःच्या नंबरावर उघडेपर्यंत रोखच द्या, अंगठ्याच्या पावतीवर.