चेक शर्ट, चेक डॅम, चेक बाउन्स: शब्द एक की चार?

कोरीपाटी

इंग्रजी शब्दकोशात 'चेक' काढला की एकाच नोंदीखाली आळा घालणे, तपासणे, चौकडीचं कापड, बुद्धिबळातला शह, अमेरिकन हॉटेलातलं बिल असे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले अर्थ दिसतात. बँकेचा चेक 'क्यू' घालून वेगळा लिहितात, उच्चार मात्र तोच. माझे प्रश्न तीन:

१. हे सगळे एकाच मुळातून आले, की वेगवेगळे शब्द उच्चारात एक झाले?
२. 'क्यू'चं स्पेलिंग फ्रेंचमधून आलं असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते खरं का?
३. 'चेक डॅम'मध्ये तपासतात तरी काय?

उंटाची_तिरकी

मूळ एकच, आणि ते बुद्धिबळाच्या पटावर आहे. फारसी 'शाह' म्हणजे राजा. राजावर हल्ला झाला की समोरच्याला सावध करायला 'शाह!' म्हणायचं. आपण मराठीत 'शह' म्हणतो तो हाच. इंग्रजी 'चेक' आणि मराठी 'शह' एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. एक पश्चिमेला गेलं, एक आपल्याकडे आलं.

पश्चिमेचा रस्ता असा: फारसी 'शाह', तो अरबीत तसाच, मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'स्काकस', जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक', इंग्रजीत 'चेक'. सुरुवातीचा 'ए' गळणं हे इंग्रजीत नेहमीचंच. 'एस्क्वायर'चा 'स्क्वायर' झाला, तसंच हे. 'एशेक'चं फ्रेंच अनेकवचन इंग्रजीत आलं ते 'चेस'. म्हणजे इंग्रजांच्या खेळाचं नावच 'राजे' आहे.

'चेकमेट' म्हणजे 'शाह मात'. 'राजा मेला' असा त्याचा अर्थ सर्रास सांगतात, कारण अरबीत 'माता' म्हणजे मेला. पण फारसी 'मात'चा अर्थ हतबल, निरुपाय झालेला असा आहे आणि खेळाला तोच जुळतो. राजा पटावर मरतच नाही, त्याला हलायला जागा उरत नाही. आपलं 'मात करणे' याच 'मात'चं.

आणखी मागे गेलात तर प्राचीन पर्शियनमध्ये राजाला 'ख्शायथिय' म्हणत. त्यातला धातू आणि आपल्या 'क्षत्र', 'क्षत्रिय'मधला धातू सख्खे भाऊ आहेत, अर्थ सत्ता चालवणे. 'शहाणा' मात्र या कुळातला नाही, तो 'सज्ञान'वरून आला.

आता अर्थ कसे फुटले ते. शह बसला की खेळाडूकडे तीनच मार्ग: राजा हलवा, हल्ला करणारं मोहरं मारा, नाहीतर मध्ये काहीतरी आणा. मनातले बाकीचे सगळे डाव तिथेच थांबतात. या 'थांबण्या'तूनच चौदाव्या शतकापासून इंग्रजीत अटकाव, आळा, लगाम हे अर्थ रुळले. 'तपासणे' खूप नंतरचा, सतराव्या शतकाच्या अखेरीचा. लबाडीला आळा बसावा म्हणून दोन नोंदी ताडून पाहायच्या, त्यातून पडताळणी, आणि मग नुसतं बघणं. आज आपण जो अर्थ पहिला धरतो तो वंशावळीत सगळ्यात धाकट्यांपैकी आहे.

अधपन्ना

चौकडीच्या कापडाची वाट थोडी निराळी. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला 'एशेकिए' म्हणत. त्यावरून इंग्रजी 'चेकर', म्हणजे चौकटी-चौकटींची नक्षी, आणि तोच शब्द छाटून कापडाचा 'चेक'.

याच पटावरून इंग्लंडच्या खजिन्याला 'एक्स्चेकर' नाव पडलं. दुसऱ्या हेन्रीच्या काळात, ११७०च्या दशकाच्या अखेरीस, खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने तिथलं कामकाज लिहून ठेवलंय. सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद टेबल. हिशेबासाठी मांडायच्या सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून चार बोटं उंचीची कड. वर काळं कापड, त्यावर वीतभर अंतराने रेघा. उजवीकडून पहिला रकाना पेनींचा, मग शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार. १२ पेनींचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड.

समजा शेरीफकडून, म्हणजे राजासाठी जिल्ह्याची वसुली करणाऱ्या अधिकाऱ्याकडून, २३६ पौंड येणं आहे. शंभराच्या रकान्यात २ सोंगट्या, विसाच्या रकान्यात १, पौंडाच्या रकान्यात १६. त्याने भरलेली रक्कम खालच्या ओळीत मांडायची आणि वरच्या-खालच्या सोंगट्या जोडीने उचलत जायचं. वर उरेल ती बाकी. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही हिशेब डोळ्यांसमोर पटतो, आणि शून्याची खूणही लागत नाही, रकाना रिकामा ठेवला की झालं. ही मांडणी मला फार सुंदर वाटते.

पावती म्हणून लाकडी पट्टी असे. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याची, विसाला करंगळीची, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग पट्टी उभी चिरून दोघांनी एकेक भाग ठेवायचा. पुढे वाद झाला की दोन भाग जुळवून बघायचे. एकाने गुपचूप खाच वाढवली तर जोडात लगेच कळतं. वापर थांबल्यावर उरलेल्या पट्ट्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी भट्टीत जाळताना आग भडकली आणि लंडनचं जुनं संसदभवन जळालं.

कोरीपाटी

म्हणजे बँकेचा चेक या एक्स्चेकरवरूनच आला का?

अधपन्ना

नाही, इथेच बहुतेक जण चुकतात. बँकेचा चेक 'आळा' या अर्थाच्या साध्या 'चेक'वरून आला. अठराव्या शतकात 'चेक' म्हणजे आधी अधपन्ना (काउंटरफॉइल), कागद फाडून दिल्यावर मागे उरणारा तुकडा, ज्याला बँका स्थळप्रत म्हणतात तो. अफरातफरीला आळा घालणारा तुकडा म्हणून 'चेक'. मग असा तुकडा जोडलेल्या कागदालाच ते नाव पडलं. 'क्यू'चं स्पेलिंग नंतर, 'एक्स्चेकर'च्या वळणावर गेलं आणि एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये स्थिरावलं. फ्रेंचमधला 'शेक' (धनादेश) हा इंग्रजीतूनच घेतलेला, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उलटं आहे. अमेरिकेने 'सीके'च ठेवलं. आपल्याकडे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, म्हणजे धनादेशांचा कायदा) 'क्यू' आहे, म्हणून भारतात तेच चालतं.

'रेन चेक'ही याच तुकड्याचा. बेसबॉलचा सामना पावसाने बंद पडला तर तिकिटाचा उरलेला तुकडा दाखवून पुढच्या सामन्याला जाता येई.

बांधबंदिस्ती

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. चेक डॅममध्ये कोणी काही तपासत नाही. तो ओढ्याच्या पाण्याचा वेग अडवतो. वेग मंदावला की गाळ मागे बसतो, पाणी जमिनीत मुरायला वेळ मिळतो, काठ कमी खचतात. मराठीत 'बंधारा' म्हणावं. 'तपासणी धरण' हे शब्दशः भाषांतर साफ चूक.

यंत्रांतही तेच. चेक व्हॉल्व्ह पाणी उलट जाऊ देत नाही, प्लंबर त्याला एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) म्हणतात. चेकनट म्हणजे पहिल्या नटावर घट्ट आवळलेला दुसरा नट. दोन्ही एकमेकांवर दाबून बसतात म्हणून थरथरीने सैल होत नाहीत. दोन्हींत 'चेक' म्हणजे अटकाव.

भाषांतर करताना साधी खूण: 'चेक'च्या जागी 'रोखणे' घालून वाक्य वाचा. अर्थ लागला तर 'आळा', 'अटकाव', 'अंकुश' यांतला शब्द घ्या. रोगाचा फैलाव 'चेक' करायचा म्हणजे फैलावाला आळा घालायचा. राज्यघटनेच्या चर्चेतले 'चेक्स अँड बॅलन्सेस' म्हणजे परस्पर अंकुश आणि समतोल; तिथे 'तपासणी' लिहिलं की न्यायपालिका हिशेबनीस होऊन बसते. 'चेकपोस्ट' मात्र खरोखर तपासणी नाकाच.

उंटाची_तिरकी

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर: हिंदीतून मराठीत आणताना 'शह देना' जपून. हिंदीत त्याचा अर्थ फूस लावणे, पाठबळ देणे. मराठीत 'शह देणे' म्हणजे डाव रोखणे, बरोबर उलट. हिंदी बातमीवरून मराठी मथळा करताना हा शब्द तसाच उचलला की कोण कोणाच्या बाजूला आहे तेच फिरतं.