मोठ्यांचं कार्टून म्हणजे नुसता उघडेपणा का?

मुळामुठा
शनिवारी पोरं झोपल्यावर आवाज बारीक करून 'द हाँटेड वर्ल्ड ऑफ एल सुपरबीस्टो' पाहिला. अमेरिकन रॉक गायक आणि दिग्दर्शक रॉब झाँबीचा 2009 चा अ‍ॅनिमेशनपट, 77 मिनिटांचा, मुख्यतः डीव्हीडीवरच आलेला. सुपरहीरोंची टर उडवणारा 'फक्त प्रौढांसाठी' सिनेमा म्हणून बरंच ऐकलं होतं. नायक मेक्सिकन पैलवानांसारखा मुखवटा घालणारा, उतरती कळा लागलेला हीरो, जो आता ब्लू फिल्म काढतो. क्लबात नाचणाऱ्या वेल्व्हेटवर भाळतो. तिला डॉ. सेटनचा गोरिला पळवून नेतो आणि हे महाशय मागे लागतात. बहीण सुझी-एक्स हिटलरचं मुंडकं पळवते, मागे नाझी झाँबींची फौज. कागदावर धमाल वाटते ना? अर्ध्या तासात मला जांभया आल्या.

राग येतो तो मूळ मालमसाला इतका भारी असल्यामुळे. मेक्सिकोत एल सांतो नावाचा खराखुरा मुखवटाधारी पैलवान होऊन गेला. पन्नासच्या वर सिनेमे, त्यांत हा माणूस व्हँपायर बायकांशी कुस्ती खेळतो आणि एरवी सभ्य गृहस्थासारखा वागतो. चारचौघांत मुखवटा काढत नसे. 1984 साली टीव्हीवर थोडासा वर केला, त्यानंतर काही दिवसांतच गेला, आणि पुरलाही मुखवट्यासकट. याची फिरकी घ्यायची तर केवढी जागा आहे! सिनेमात काय, तर मुखवटा सोडून बाकी सगळं उतरवलंय. प्रौढ म्हणजे एवढंच असेल तर माझ्या सात वर्षांच्या पोरालाही शी-शूच्या विनोदावर हसू येतंच की.

रात्रपाळी
दादा, तुम्ही वरणभात मागायला बारमध्ये गेलात आणि मिळाला नाही म्हणून चिडलात. पोस्टरवर बाई कशी काढलीय ते बघूनच सिनेमा लावला असणार ना? त्यातली गाणी ऐकलीत का नीट? हार्ड एन फर्म या जोडगोळीची. पडद्यावर जे चाललंय तेच गाणं मख्खपणे सांगत जातं, म्हणजे सिनेमा स्वतःचीच चेष्टा करतो. आणि खलनायकाचा डॉ. सेटन होण्याआधीचा अवतार म्हणजे नायकाचा शाळासोबती स्टीव्ह. जगाचा संहार करायला निघालेल्या माणसाला समोरचा 'स्टीव्ह' म्हणतो, याहून मोठी टर कोणती?

अर्धाकप
स्टीव्हचा विनोद आवडला, मान्य. पण मी चित्रं काढण्याच्या धंद्यात आहे म्हणून वेगळं सांगते. कॅमेऱ्यात चुकून काहीतरी टिपलं जातं, अ‍ॅनिमेशनमध्ये चुकून काही येत नाही. सेकंदाला 24 फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम चालवलं तरी 12 चित्रं. या हिशोबाने 77 मिनिटांना 55 हजारांवर होतात. कुणीतरी स्टोरीबोर्ड काढला, कुणी मधली चित्रं भरली, कुणी रेषा साफ केल्या. सिनेमा बघताना मला सारखं त्या साफ करणाऱ्या पोराचं वाटत होतं. सकाळी दहाला डबा घेऊन येणार आणि संध्याकाळपर्यंत छातीचे हेलकावे एका रेषेत आणत बसणार. रेषा मात्र सुंदर आहेत, हे कबूल करायलाच हवं.

चिंचपोकळीकर
अश्लील विनोद वाईट नसतो, आळशी विनोद वाईट असतो. दादा कोंडक्यांच्या वाक्याला एक सरळ अर्थ कायम असायचा. दुसरा अर्थ तुमच्या डोक्यात तयार व्हायचा, म्हणजे चावट कोण तर तुम्ही! इथे प्रेक्षकासाठी काही शिल्लकच ठेवलेलं नाही.

टर कशी उडवावी हे बघायचं तर 'मॅड' या अमेरिकन विनोदी चित्रकथा-मासिकाच्या 1953 च्या चौथ्या अंकातला, सुपरमॅनची नक्कल करणारा 'सुपरड्यूपरमॅन' बघा. हार्वी कर्ट्झमन आणि वॉली वुड यांचा. भिंतीपलीकडचं दिसणारी नजर मिळालेला क्लार्क बेंट ती कुठे वापरतो? बायकांच्या स्वच्छतागृहात डोकवायला. एका चित्रात सगळ्या महामानवाचं पाणी जोखलं! शेवटी तो जिच्या मागे असतो त्या लोइसला तो कोण हे कळतं, तरी ती भाव देत नाही, कारण आत माणूस तोच फालतू. एकही कपडा न काढता. सुपरमॅनवाल्यांनी कोर्टाची धमकी दिली, म्हणजे वर्मी लागलं होतं.

रात्रपाळी
मग मुद्दा माझ्याच बाजूचा झाला की, चिंचपोकळीकर! धमकी आली कारण मॅडवाले बाहेरचे होते. आता चेष्टा करायचं कंत्राटही मालकाकडेच. 'हार्ली क्विन' ही मोठ्यांची कार्टून मालिका बघा. रक्त, शिव्या, सगळं चालतं. पण बॅटमॅन कॅटवुमनला शय्यासुख देतोय असा प्रसंग लिहिला तर डीसीने, म्हणजे बॅटमॅन-सुपरमॅनची मालकी असलेल्या कंपनीने, नाही म्हटलं, हीरो असलं करत नाहीत म्हणून. आणि असं काही दाखवलं तर खेळणी कशी विकायची, हा सवाल. मालिकेच्या निर्मात्याने 2021 मध्ये मुलाखतीत हे स्वतः सांगितलं. खलनायकांच्या बाबतीत मोकळीक जास्त मिळते, असंही म्हणाला. म्हणजे माणसं मारलेली चालतात, बायकोसारख्या बाईला खूश केलेलं चालत नाही. सुपरबीस्टो कितीही टुकार असू दे, त्याला खेळणी विकायची नव्हती.

मुळामुठा
हे डीसीचं माहीत नव्हतं. भारी आहे. पण मोकळीक मिळाली होती ना? मग तिचं केलं काय? मोकळं मैदान मिळालं म्हणून कुणी गावस्कर होत नाही.

अर्धाकप
रात्रपाळी, मालक स्वतःची टर उडवू देत नाही हे पूर्ण खरं नाही. 2018 चा 'टीन टायटन्स गो! टू द मूव्हीज' वॉर्नरचाच, म्हणजे डीसीच्या मालकांचाच, आणि चक्क लहान मुलांचा. बॅटमॅनचा चेला रॉबिन, त्याच्यावर कुणी सिनेमा काढेना, म्हणून ही पोरं काळात मागे जाऊन बाकीच्या हीरोंची सुरुवातच होऊ देत नाहीत. सुपरमॅनचा नष्ट होणारा क्रिप्टॉन ग्रह वाचवतात, आणि ज्या गल्लीत आईबाप मारले गेल्यामुळे ब्रूस वेन पुढे बॅटमॅन होतो, त्या गल्लीत जाण्यापासून वेन कुटुंबाला अडवतात. परत येतात तर जगाची वाट लागलेली. मग पुन्हा मागे जाऊन सगळं होतं तसं करायचं. म्हणजे काय करायचं, कळलं ना? छोट्या ब्रूसच्या आईबापांना आनंदाने त्या गल्लीत पाठवायचं. मी थिएटरात मोठ्याने हसले, आणि माझ्या रांगेतल्या आयांनी वळून बघितलं. सुपरहीरो जन्माला यायचा तर कुणाचे तरी आईबाप मरावे लागतात, हे एवढ्या निर्दयपणे कुठल्या 'प्रौढ' सिनेमाने सांगितलंय?

रात्रपाळी
ताई, त्या सिनेमाचीही खेळणी निघालीच असणार :) आणि आईबाप मारलेले चालतात, हे मी वर म्हटलंच.

फाटकी_छत्री
तुम्ही सगळे एक विसरताय. गवळणीत मावशी कृष्णाची खेचते तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येकाला कृष्ण घरचा असतो, म्हणून ते चालतं. एल सांतो आपल्यापैकी किती जणांना घरचा आहे? मला हा धागा वाचेपर्यंत नावही माहीत नव्हतं. आपल्याला त्या सिनेमात फक्त उघड्या बाया दिसल्या यात आश्चर्य काय?

चिंचपोकळीकर
पण छत्रीराव, सिनेमा मेक्सिकोत थोडाच बनलाय. अमेरिकन माणसाने अमेरिकन प्रेक्षकासाठी केलाय. त्याला सांतो तुमच्या-माझ्यापेक्षा फार तर दोन बोटं जास्त माहीत.

मुळामुठा
अर्धाकप ताईंचं ऐकून काल पोराला घेऊन टायटन्स लावला. क्रिप्टॉनला खदाखदा हसला. गल्लीचा प्रसंग आला तसा गप्प झाला आणि विचारलं, "बाबा, त्यांनी त्या आईबाबांना परत तिकडे का पाठवलं?" मी रिमोट शोधायला लागलो. रिमोट माझ्या हातातच होता.