प्रतिसाद: कोकणातली माणसं कमी का झाली
वर कुणीतरी लिहिलंय की कोकणात जन्मदर घसरला म्हणून लोकसंख्या कमी झाली, ते काही मला पटत नाही. जन्म वजा मृत्यू ही झाली नैसर्गिक वाढ, पण जिल्ह्याचा आकडा काढताना आलेले आणि गेलेले लोकही धरावे लागतात ना. रत्नागिरी जिल्हा २००१ ला जवळपास १७ लाख होता, २०११ ला १६ लाख १५ हजार, आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका! म्हणजे तिथे मुली जास्त जन्मतात असं नाही हो, कर्ते पुरुष मुंबई-ठाण्याला चाकरमानी, गणपतीला नि शिमग्याला घर उघडायचं, बाकी वर्षभर आजी-आजोबा नाहीतर दाराला कुलूप.

आणि स्थलांतर म्हणजे फक्त नोकरी असंही नाही, जनगणनेत बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न असतं. बीडचे ऊसतोड मजूर तर अजून वेगळे, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेलं जोडपं दसऱ्यानंतर निघतं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचं गाळप संपल्यावरच परत. २०११ ची मोजणी झाली फेब्रुवारीत, ऐन गाळपात, तेव्हा ही माणसं गावी नाहीत, उसाच्या फडाजवळ कोपी (झोपडी) टाकून राहिलेली. याला नुसतं हंगामी स्थलांतर म्हणून पुढे जाणं मला फार खटकतं, बरोबर नेलेल्या पोरांची शाळा मधेच तुटते त्याचं काय?