उत्तर: नेमा २३ मोटरला कोणता ड्रायव्हर?

सीएनसी राउटरच्या (लाकूड वगैरे कोरणारं संगणकावर चालणारं मशीन) स्टेपर मोटरना, म्हणजे पावलापावलाने फिरणाऱ्या मोटरना, कोणता ड्रायव्हर (करंट पुरवणारं सर्किट) घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या मोटर नेमा २३ या मापाच्या, २.८ अँपिअरच्या, त्यामुळे तुम्हाला सुचवलेला ए४९८८ हा छोटा ड्रायव्हर विसरा. हीटसिंक लावूनही त्याची मजल २ अँपिअरपर्यंतच. थ्रीडी प्रिंटरच्या छोट्या मोटरला तो छान, पण राउटरला नाही.

मोटरच्या लेबलवर ३ व्होल्ट लिहिलंय म्हणून ५ व्होल्टचा सप्लाय घ्यावा का, असंही तुम्ही विचारलंय. अजिबात नको. हे ड्रायव्हर करंट स्वतः आवरतात. व्होल्टेज जितकं जास्त, तितका कॉइलमध्ये करंट लवकर चढतो आणि वेग वाढला तरी टॉर्क टिकतो. ढोबळ हिशेब असा: कॉइलच्या इंडक्टन्सचा (करंट बदलायला होणाऱ्या विरोधाचा) मिलीहेन्रीतला आकडा घ्या; त्याचं वर्गमूळ गुणिले ३२, ही सप्लायच्या व्होल्टेजची वरची मर्यादा. ३.२ मिलीहेन्रीला साधारण ५७ व्होल्ट. म्हणून ३६ व्होल्टचा सप्लाय बिनधास्त चालेल.

टीबी६६०० हा ड्रायव्हर स्वस्त आहे, पण त्याची हद्द ४२ व्होल्ट. मोटर झटकन थांबते तेव्हा ती उलट व्होल्टेज फेकते, मग ३६ वर फारशी मोकळीक उरत नाही. मी तरी डीएम५४२ हा ड्रायव्हर घेईन. तो ५० व्होल्टपर्यंत चालतो. त्याच्या अंगावरच्या करंटच्या तक्त्यात पीक (कमाल करंट) आणि आरएमएस (परिणामी करंट, पीकपेक्षा कमी) असे दोन रकाने असतात. स्विच लावताना कोणता आकडा वाचताय ते बघा, लोक इथेच गोंधळतात.

मायक्रोस्टेप ८ ठेवा, म्हणजे मोटरच्या एका पावलाचे आठ भाग: २०० पावलांच्या मोटरला फेऱ्याला १६०० पल्स (पाऊल टाकायचे सिग्नल), ५ मिमी लीडच्या (एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणाऱ्या) स्क्रूवर मिलिमीटरला ३२०. पुरे झालं.

आणि हो, सप्लाय चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर जातो.