प्रौढ वयात सुंता झाल्यावर पाचव्या दिवशी पिवळसर थर आणि सूज दिसते आहे. हा पू आहे का?

शिरोलीकर

नमस्कार. माझे वय ४४ असून मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत कामाला आहे. सात वर्षांपासून मधुमेह आहे. शिश्नाच्या टोकावरची कातडी आवळून मागे सरेनाशी झाली होती, तिला वरचेवर चिरा पडत आणि लघवीला आग होत असे. डॉक्टरांनी फायमोसिसचे निदान करून गेल्या गुरुवारी सुंता केली. घरी सोडताना इतकी गर्दी होती की हातात गोळ्यांची चिठ्ठी तेवढी पडली. जखमेचे काय करायचे ते कोणी नीट सांगितले नाही आणि चारचौघांत विचारायचा मलाही संकोच वाटला.

काल पट्टी काढली. टाक्यांच्या रेषेखाली, विशेषतः खालच्या बाजूला, कातडी पाणी भरल्यासारखी फुगलेली आहे. बोंडावर पिवळसर चिकट थर आहे आणि एका टाक्याची गाठ पट्टीला चिकटून निघून आली. पहाटे चारच्या सुमारास शिश्न ताठ होऊन टाके ताणतात आणि झोप मोडते. घरी आईला हर्नियाचे ऑपरेशन झाले असे सांगितले आहे, त्यामुळे ती रोज हळद आणि खोबरेल तेलाची वाटी आणून ठेवते. ते लावावे का, आणि मोटारसायकलवरून कामावर कधी जाता येईल, हेही कृपया सांगावे.

रंकाळाकाठ

दादा, दोन वर्षांपूर्वी मी यातून गेलो आहे. (मीही घरी हर्नियाच सांगितले होते, शेजारच्या काकू शहाळे घेऊन आल्या आणि टाके नेमके कुठे पडले ते विचारत बसल्या.) पहाटेच्या त्रासावर मला उपयोगी पडले ते असे: संध्याकाळनंतर पाणी बेताचे प्यायचे, झोपण्यापूर्वी लघवीला जाऊन यायचे, कुशीवर झोपायचे आणि जाग आलीच तर अंथरुणात तळमळत न बसता उठून चार पावले चालायचे. दहा-बारा दिवसांनी ते ताणणे आपोआप कमी झाले.

दुसरी गोष्ट म्हणजे आतला कपडा. सैल लुंगीत शिश्न खाली लोंबकळत राहते आणि सूज उतरत नाही. तालमीत गेलेल्या माणसाला लंगोटाचे महत्त्व वेगळे सांगायला नको, पण इथे तितका करकचून नव्हे, तर सुती आणि जरा घट्ट जांघिया घालून शिश्न बेंबीच्या दिशेने वर राहील असे ठेवावे. दोन दिवसांत फरक दिसला.

जुना ड्रेसर

मी तीस वर्षे शस्त्रक्रिया विभागात पट्ट्या बदलण्याचे काम केले आहे. आपल्या वर्णनावरून हा पू वाटत नाही. बोंड आजवर कातडीखाली झाकलेले होते. ते उघडे पडल्यावर जखमेतून येणारी लस वाळून त्यावर पिवळसर पापुद्रा धरतो आणि तो एक-दोन आठवड्यांत आपोआप निघतो. माझ्या पाहण्यात सर्वाधिक नुकसान त्यांनीच करून घेतले, ज्यांनी तो पू समजून कापसाने घासून काढला, कारण खालची नवी कातडी त्याच्याबरोबर निघून येते आणि जखम पुन्हा पहिल्या दिवसावर जाते. पू वेगळा ओळखू येतो: तो घट्ट असतो, त्याला घाण वास येतो, आणि भोवतीची लाली व ठणका दिवसेंदिवस वाढत जातो.

पट्टी ओढून काढू नये. एका मगमध्ये उकळून कोमट केलेले पाणी घेऊन ते पट्टीवर हळूहळू ओतत राहावे. पाच-दहा मिनिटांत गॉज पांढरट होऊन फुगते आणि कडेने स्वतःहून सुटते. नंतर जखम साध्या पाण्याने धुऊन, न चोळता स्वच्छ कापड टेकवून टिपावी आणि डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे. मलम दिलेले नसेल तर कपडा चिकटू नये म्हणून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात पुरतो. हळद, तेल, डेटॉल, स्पिरिट यांपैकी काहीही लावू नये.

विरघळणारे टाके साधारण दोन ते तीन आठवड्यांत गळून पडतात. एखादी गाठ आधी निघाली आणि जखमेच्या कडा जुळलेल्या असतील तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र तिथे फट दिसली तर दाखवून यावे. थोडे रक्त आले तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावे, मधे उचलून पाहू नये. तरीही थांबले नाही, ताप आला, लघवी अडली किंवा बोंड काळे-निळे दिसू लागले, तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठावे.

मोटारसायकल किमान दोन आठवडे नको. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे पाहता मी तीन म्हणेन. फाउंड्रीतले जड साचे उचलणे डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे. शरीरसंबंध आणि हस्तमैथुन सहा आठवडे पूर्ण बंद, कारण वरून भरलेली दिसणारी जखम आतून अजून कच्ची असते.

शाहूपुरीतील औषधविक्रेता

मधुमेहाकडे दुर्लक्ष करू नका. लघवीतून साखर बाहेर पडत राहिली की त्या जागी बुरशी वाढते, कातडी चिरते आणि भरताना आवळत जाते. प्रौढ वयात फायमोसिस होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. त्यात डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे मुळातच लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे त्यांच्यासोबत बुरशीचा संसर्ग अधिक दिसतो. आपल्या चिठ्ठीत यांपैकी एखादे नाव असेल तर मधुमेहाच्या डॉक्टरांना ऑपरेशनची माहिती द्या, परंतु गोळी आपल्या मनाने बंद करू नका. काढलेली कातडी तपासणीला पाठवली होती का, तेही विचारा. लायकेन स्क्लेरोसस हा त्वचाविकार निघाला तर पुढेही मलम लावावे लागते आणि अधूनमधून तपासणी करून घ्यावी लागते.

शिरोलीकर

आज बारावा दिवस. सूज निम्म्याहून कमी झाली, पिवळा थर कडेने सुटत आला आहे आणि मी त्याला हात लावलेला नाही. चिठ्ठीत डापाग्लिफ्लोझिन निघाले; डॉक्टरांनी ते बदलून दिले. कातडी तपासणीला गेली असून अहवाल सोमवारी मिळेल. कामावर सध्या शेजाऱ्याच्या रिक्षातून जातो आणि बसून करायचे हिशेबाचे काम मागून घेतले आहे. आईची हळद मी दुधातून पितो, म्हणजे तिचेही समाधान होते.