शॉवरला घाबरणारी लेक आणि क्रूझवरची आंघोळ: टब न्यावा, तांब्या न्यावा की सवयच लावावी?

गंगापूर रोडची आई

आमची लेक सव्वातीन वर्षांची आहे. घरी बादली आणि मग दिला की अर्धा तास पाण्यात रमते, बाहेर काढलं की रुसते. पण डोक्यावर शॉवर सुरू झाला की अंग आखडून घेते, दोन्ही हात कानांवर जातात आणि असा टाहो फोडते की खालच्या मजल्यावर ऐकू जातो.

डिसेंबरात आम्ही मुंबईहून क्रूझने निघतोय. गोवा, लक्षद्वीप आणि पाच रात्रींनी परत. खोलीचे फोटो नीट पाहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाथरूममध्ये टब नाहीच, पण बादली भरायला खाली नळसुद्धा नाही. एक बेसिन, एक कमोड आणि कोपऱ्यात पडदा लावलेला शॉवर. टब म्हणे फक्त मोठ्या स्वीटमध्ये असतो, आणि तो आमच्या खिशाबाहेर आहे.

घरात दोन तट पडलेत. आमचे अहो म्हणतात, पाच दिवस शॉवरखाली उभी राहिली की आपोआप सवय होईल. मला ते पटत नाही. नवी खोली, हलणारं जहाज, अनोळखी माणसं आणि त्यात रोज सकाळी ही झटापट. ती आता जाणती होते आहे, सगळं लक्षात ठेवते. हवा भरायचा टब न्यावा असं माझ्या मनात आहे. तुम्ही काय केलं असतं?

सातपूरचा बाबा

ताई, स्पष्टच लिहितो, राग मानू नका. तुमच्या अहोंचं अर्धं बरोबर आहे. आज तुम्ही टब न्याल, उन्हाळ्यात मामाकडच्या फ्लॅटमध्ये काय कराल? बादलीची आंघोळ मलाही आवडते, पण मुलाला एकाच प्रकारे आंघोळ येत असेल तर प्रत्येक प्रवासात त्याचंच ओझं होतं.

आमचा मुलगा अडीच वर्षांचा असताना हेच होतं. आम्ही शॉवर भिंतीवरून काढून हातात घेतला. पहिले चार दिवस फक्त पावलं, मग गुडघे, मग पोट. डोक्याला पाणी लावलं ते तिसऱ्या आठवड्यात, तेही त्याच्या हातात कोरडा नॅपकिन देऊन, डोळ्यांत गेलं की लगेच पुसायला. आता तो स्वतः शॉवर मागतो. भीतीला वळसा घालत राहिलं तर ती वाढते, असं माझं ठाम मत आहे. सुरुवात मात्र जहाजावर नको, घरीच करा.

नाशिकरोडचा जहाजी

मी एकोणीस वर्षं जहाजांवर काम केलं, त्यातली शेवटची सहा प्रवासी जहाजांवर. टबाच्या बाबतीत ताईंना थांबवावंसं वाटतं.

साध्या खोलीतला शॉवरचा कोपरा जेमतेम अडीच फूट बाय अडीच फूट असतो. हवा भरलेला टब त्यात मावत नाही आणि बाहेरच्या फरशीवर ठेवला तर पाय ठेवायला जागा उरत नाही. मावला तरी भरलेलं पाणी जहाजाबरोबर हेलकावे घेतं. कोणी सुचवेल की शॉवरच्या जाळीवर कापड दाबा आणि तिथेच पाणी साठवा. कृपया करू नका. शॉवरचा उंबरठा काही इंचांचाच असतो, पाणी ओलांडून थेट खोलीतल्या गालिच्यात जातं. आणि लहान मूल दोन इंच पाण्यातही बुडू शकतं, हे घरीही खरं आहे आणि हलत्या फरशीवर तर जास्तच.

दुसरं, पाणी तापवायचा रॉड किंवा इलेक्ट्रिक किटली सामानात घेऊ नका. आगीच्या धोक्यामुळे जहाजावर त्यांना बंदी असते, चढतानाच काढून घेतात. आणि त्याची गरजही नाही. जहाजावर गरम पाणी मुबलक असतं. समुद्राच्याच पाण्याची इंजिनाच्या उष्णतेवर वाफ करून किंवा रिव्हर्स ऑस्मोसिसने ते गोडं केलेलं असतं, त्यामुळे अंगाला खारट लागत नाही. फक्त जंतू वाढू नयेत म्हणून टाकीत ते साठ अंशांच्या आसपास ठेवतात. नळाशी थंड मिसळून येतं, तरी लेकीला आत घेण्याआधी पाणी आपल्या मनगटावर घ्या.

माझा सल्ला म्हणाल तर शॉवर हातात काढता येतो का ते आधी विचारून ठेवा. येत असेल तर तिला खाली बसवा आणि पाणी खांद्यापासून सोडा.

पंचवटीची आजी

माझ्या पाच नातवंडांना मी पायांवर घेऊन न्हाऊ घातलंय. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, लेकरू नडग्यांवर पालथं. शेजारी तांब्याचं घंगाळ. कपाळाशी डाव्या हाताची पाळ करायची, म्हणजे पाणी डोळ्यांत न जाता कानामागून वाहतं. उजव्या हाताने तांब्या. प्रत्येक वेळी ओतायच्या आधी तोंडाने सांगायचं, “आलं हं पाणी, आलं.”

तुम्ही सगळे शॉवर किती मोठा, टब किती मोठा याचं बोलताय. लेकराला काय वाटतं ते बघा. शॉवरचं पाणी कुठून येतं ते त्याला दिसत नाही. कधी थांबणार ते कळत नाही. तांब्या दिसतो. तांब्यात किती पाणी आहे ते दिसतं. तो रिकामा झाला की पाणी थांबतं आणि मध्ये श्वास घ्यायला सवड मिळते. आणि तो तांब्या आईच्या हातात असतो. ही पोरगी पाण्याला भीत नाही बाई, न सांगता अंगावर येणाऱ्या पाण्याला भिते.

भांडीबाजारातून बिनकाठाचा हलका स्टीलचा तांब्या घे आणि ने. बेसिनच्या नळाखाली तो भरतो. झालं.

सातपूरचा बाबा

आजी, तुमचं निरीक्षण पटलं, पण उपाय नाही पटला. मोठं होताना कधीतरी न सांगता अंगावर येणाऱ्या पाण्याशी तिची गाठ पडणारच. पावसाळ्यात शाळेतून येताना आभाळ कोण विचारून गळतं?

पंचवटीची आजी

पावसात लेकरू आईचं बोट धरून असतं, अंगावर कपडे असतात आणि पळायला रस्ता मोकळा असतो. बंद पडद्याआड उघडं उभं करणं आणि पाऊस, हे एक नव्हे.

इंदिरानगरची नर्स

मी मुलांच्या वॉर्डात काम करते. एक गोष्ट कोणीच लिहिली नाही, म्हणून लिहिते. पाच दिवसांत पाच आंघोळी झाल्याच पाहिजेत असं नाही. या वयाच्या मुलाला आठवड्यातून दोन-तीन आंघोळी त्वचेसाठी पुरेशा असतात. बाकी दिवशी बेसिनच्या कोमट पाण्यात पंचा पिळून चेहरा, मान, काखा, जांघा आणि पाय पुसले की मूल स्वच्छ राहतं. आम्ही आजारी मुलांना असंच ठेवतो आणि त्यात काही कमी पडत नाही.

अपवाद दोन. पूलमधून आल्यावर क्लोरीन आणि समुद्रातून आल्यावर मीठ-वाळू त्याच दिवशी धुवावी, नाहीतर मांड्यांच्या घडीत पुरळ येतं. लक्षद्वीपला उतराल त्या दिवशी खरी आंघोळ लागेलच. बहुतेक जहाजांवर डायपरमधल्या मुलांना मुख्य पूलमध्ये घेत नाहीत, पोहण्याचा डायपर घातला तरीही. तुमची लेक सव्वातीनची, डायपर सुटला असेल तर प्रश्न नाही.

सिडकोची मावशी

नर्सताई, रागावू नका, पण मूल बिनआंघोळीचं ठेवायचं हे माझ्या गळी उतरत नाही. आमच्याकडे पारोसं कोणी जेवायला बसत नाही. डिसेंबरात नाशिकला पारा दहाच्या खाली गेला तरी आम्ही पोरांना आंघोळ घालतोच. जहाजावर तर गरम पाणी आहे म्हणतात, मग आळस कशाचा?

इंदिरानगरची नर्स

मावशी, यात आळस नाही. रोज रडवून आंघोळ घातली तर मूल बाथरूमचं दार पाहूनच घाबरायला लागतं, मग शी-शूलाही आत जायला नको म्हणतं. अशी मुलं मी पाहिली आहेत, पोट कडक होऊन येतात. पंच्याने पुसलेलं अंगही स्वच्छच असतं. तुमच्या घरची रीत मी मोडा म्हणत नाही, पण या पाच दिवसांत तिचा बाथरूमवरचा विश्वास टिकणं मला जास्त मोलाचं वाटतं.

गंगापूर रोडची आई

सगळ्यांचं वाचलं, काल रात्री अहोंनाही वाचून दाखवलं. मग आम्ही एक केलं. हॉलच्या फरशीवर खडूने अडीच बाय अडीच फुटांचा चौकोन आखला आणि घरातला प्लॅस्टिकचा टब त्यात ठेवून पाहिला. मावला नाही. जहाजीकाकांचं म्हणणं खरं, टबाचा विचार सोडला. पण लेक मांडी घालून बसली आणि मी चौकोनाबाहेर गुडघ्यांवर बसले तर छान जमतं. तिने तर त्या चौकोनातून उठायलाच नकार दिला, बाहुल्या तिथेच आणून मांडल्या.

स्टीलचा तांब्या घेतला. आजी, तुमची हाताची पाळ आज करून पाहिली. केस धुताना पहिल्यांदाच रडली नाही. “आलं हं” हे आता तीच मला सांगते, मी ओतायच्या आधी.

अहो अजून म्हणतात की तांब्याने प्रश्न पुढे ढकलला जातोय. मला वाटतं, प्रश्न ढकलला तरी चालेल, मूल ढकललं जायला नको. जहाजावर मध्ये एक दिवस फक्त पंचा, लक्षद्वीपच्या दिवशी बसवून तांब्याने पूर्ण आंघोळ, असं मी ठरवलंय. सिडकोच्या मावशी, जेवणाआधी हातपाय-तोंड रोज धुईन, एवढं मान्य करा.

सिडकोची मावशी

हातपाय धुणं म्हणजे आंघोळ नव्हे, हे मी म्हणतच राहणार. पण पोरीला रडवू नका, तेवढं खरं.

सातपूरचा बाबा

तांब्याला आता माझी हरकत नाही. तरी शॉवर तिच्या हातात द्यायचं घरीच सुरू करा, निघायला अजून सहा आठवडे आहेत ना? नाहीतर परत आल्यावर तुम्ही जिथल्या तिथेच असाल.

गंगापूर रोडची आई

साडेपाच. आज संध्याकाळी दिला तिच्या हातात, बाहुलीला आंघोळ घालायला. तिने पाणी बाहुलीच्या पायांवरच धरलं, डोक्यावर नाही. दुसऱ्या हाताने कपाळाशी पाळ केली होती.