दुसऱ्या बाळंतपणानंतर पुढे राहिलेले पोट: शस्त्रक्रिया करावी की थांबावे?

चाफा_नाशिक

नमस्कार. माझे वय 34 असून मला दोन मुले आहेत. धाकटा 14 महिन्यांचा आहे आणि त्याच्या वेळी सिझेरियन झाले. वजन आता गरोदरपणापूर्वीपेक्षा जेमतेम 2 किलो जास्त आहे, तरी पोट सहाव्या महिन्यासारखे दिसते आणि संध्याकाळी अधिकच पुढे येते. अंथरुणावरून उठताना बेंबीच्या वर मधोमध एक उभा उंचवटा येतो. माहेरी सव्वा महिना पोट घट्ट बांधले, शेक आणि मालीश झाली, तरी फरक पडला नाही. गेल्या महिन्यात हळदीकुंकवाला एका बाईंनी "कितवा महिना?" असे विचारले आणि घरी आल्यावर मी बराच वेळ रडले.

एका क्लिनिकमध्ये चौकशी केली, तर तेथे मला तपासण्याआधीच लायपोसक्शन (कातडीखालची चरबी काढणे), टमी टक (पोटाचे स्नायू शिवून जास्तीची कातडी काढणे) आणि स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी करण्याचे पॅकेज सुचवले गेले. आठवड्याच्या आत पैसे भरल्यास सवलत मिळेल, असेही सांगितले. बाळ अजून रात्री अंगावर पिते. तिसरे मूल नको हे जवळजवळ ठरले आहे, पण पूर्ण ठरलेले नाही. माझ्या पोटाला नेमके काय झाले आहे आणि त्यावर कोणता उपाय खरोखर लागू पडतो, हे मला समजून घ्यायचे आहे.

अनुजा_फिजिओ

चाफाताई, तुम्ही ज्या उंचवट्याचे वर्णन केले आहे, त्यावरून डायस्टॅसिस रेक्टाय, म्हणजे पोटाच्या उभ्या स्नायूंमध्ये फट पडणे, असण्याची शक्यता मोठी वाटते. अर्थात प्रत्यक्ष तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही. पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना जोडणारा पांढऱ्या तंतूंचा पट्टा वाढत्या गर्भाशयामुळे ताणून रुंद होतो. बाळंतपणानंतर तो बराचसा आपोआप आवळतो, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत. काही जणींमध्ये मात्र तो रुंदच राहतो. उताणे झोपून गुडघे वाकवा, डोके किंचित उचला आणि बेंबीच्या वर व खाली बोटे आडवी ठेवून पाहा. दोनपेक्षा जास्त बोटे आत जात असतील, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

पोट बांधल्याने सुरुवातीच्या दिवसांत आधार मिळतो, उठबस सोपी होते, पण ताणलेला पट्टा त्याने जोडला जात नाही. त्यामुळे आपलेच काही चुकले असे मुळीच मानू नका. श्वासाबरोबर पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम किमान तीन-चार महिने नेटाने करावे लागतात. उंचवटा दिसत असताना पाय न हलवता पूर्ण उठून बसण्याचे व्यायाम करू नयेत, आणि अंथरुणावरून उठताना आधी कुशीवर वळून मगच हाताच्या आधाराने उठावे. व्यायामाने फट नेहमी पूर्ण मिटते असे नाही, परंतु फट राहूनही पोटाला ताकद आणि आकार येतो, हे मी माझ्या कामात अनेकदा पाहिले आहे. सैल झालेली कातडी मात्र व्यायामाने आवळत नाही.

सुमेधा_सातारा

मी चार वर्षांपूर्वी, माझा धाकटा मुलगा 5 वर्षांचा असताना टमी टक करून घेतली. एक वर्ष व्यायाम करूनही माझी फट चार बोटांची राहिली होती आणि कातडीची घडी सिझेरियनच्या व्रणावर लोंबत असल्यामुळे उन्हाळ्यात तेथे सतत चिघळत असे. निर्णयाचा मला पश्चात्ताप नाही, परंतु जे आधी कोणी सविस्तर सांगितले नाही ते येथे लिहिते.

छेद एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत जातो, म्हणजे सिझेरियनच्या छेदाच्या दुपटीहून अधिक. स्नायू मध्यभागी ओढून टाक्यांनी शिवतात, जास्तीची कातडी काढतात आणि बेंबीसाठी नवी जागा करतात. साचणारे पाणी काढण्यासाठी दोन नळ्या होत्या. त्यांतली दुसरी सातव्या दिवशी निघाली. पहिला आठवडा मी कमरेत वाकूनच चालत होते आणि पाठीखाली उशा लावून, गुडघे वाकवून झोपत होते. सहा आठवडे काही जड उचलायचे नव्हते. कडेवर घ्यावे लागणारे मूल घरात असते, तर आईला येऊन राहावे लागले असते. ताई, तुमचे बाळ लहान आहे, म्हणून ही गोष्ट आधी पाहा. व्रण फिका व्हायला दीड वर्ष लागले आणि बेंबीखालचा भाग आजही काहीसा बधिर आहे. बेंबीखालच्या ताणाच्या रेषा कातडीबरोबर गेल्या, वरच्या मात्र राहिल्या आणि थोड्या खाली सरकल्या.

खर्चाचे सांगायचे, तर विम्यातून काही मिळाले नाही आणि बिलावर 18 टक्के जीएसटी लागला. आकडा विचारताना शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, चाचण्या, नंतरचा दाबपट्टा आणि पुढच्या भेटी हे सर्व वेगवेगळे लिहून मागा.

गोदाकाठ

दोन मुलांना जन्म दिलेले शरीर जसे आहे तसे स्वीकारावे, असे मला मनापासून वाटते. कुणा बाईच्या एका प्रश्नासाठी एवढी मोठी शस्त्रक्रिया कशाला?

डॉ_प्लास्टिकसर्जन_पुणे

गोदाकाठ यांची भावना मी समजू शकतो, परंतु पोटाची भिंत सैल असणे हा केवळ दिसण्याचा प्रश्न नसतो. चाफा यांना बेंबीजवळ हर्निया आहे का, हे सर्वप्रथम पाहावे लागेल, कारण फट आणि हर्निया अनेकदा बरोबर आढळतात. साधी सोनोग्राफी त्यासाठी पुरेशी ठरते. हर्निया निघाल्यास त्याच्या दुरुस्तीचा खर्च विमा साधारणपणे देतो, बहुधा दोन वर्षांच्या प्रतीक्षाकाळानंतर. सौंदर्यासाठी केलेला भाग मात्र वगळला जातो.

लायपोसक्शन फक्त कातडीखालची चरबी काढते. ते स्नायू जोडत नाही, कातडी आवळत नाही आणि वजन कमी करण्याचा उपायही नाही. ज्यांचा प्रश्न मुख्यतः फटीचा आहे, त्यांचे पोट केवळ लायपोसक्शनने सपाट होणार नाही, हे पैसे भरण्याआधी कळलेच पाहिजे.

स्तनांच्या शस्त्रक्रियेसाठी बाळाने अंगावर पिणे सोडल्यानंतर साधारण सहा महिने थांबावे, कारण तोपर्यंत आकार बदलत राहतो. स्तनपानामुळे स्तन ओघळतात हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. गरोदरपणांची संख्या, वजनातील चढउतार, वय आणि तंबाखू यांचा संबंध अधिक आढळतो. तिसऱ्या मुलाचा निर्णय पक्का होईपर्यंत टमी टकही पुढे ढकलणे शहाणपणाचे आहे. त्यानंतरचे गरोदरपण सहसा धोक्याचे ठरत नाही, पण शिवलेला भाग पुन्हा ताणला जाऊ शकतो.

तिन्ही शस्त्रक्रिया एकत्र करता येतात, मात्र भुलेचा काळ वाढतो आणि पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोकाही वाढतो. हा धोका थोडा असला तरी जीवघेणा आहे, म्हणून अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालयच निवडावे. मिशरी, तंबाखू किंवा धूम्रपान असल्यास किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद हवे, नाहीतर कातडीची कड काळी पडून जखम उघडते. मिशरीबद्दल रुग्ण स्वतःहून सांगत नाहीत, म्हणून मी प्रत्येकीला वेगळे विचारतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल, तर तेही सांगा.

डॉक्टरांची प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. दुसरे मत हवे असेल, तर ससून, केईएम आणि जे.जे. या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. मुदत घालून सवलत देणाऱ्या ठिकाणी आगाऊ पैसे भरू नका.

चाफा_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. गोदाकाठ, तो प्रश्न लागला हे खरे, पण मुलाला उचलताना पोटात आधारच नाही असे वाटते, ते मला अधिक छळते. आज फिजिओथेरपिस्टकडे जाऊन आले: बेंबीच्या वर तीन बोटांची फट आहे. सोनोग्राफी मंगळवारी आहे. हर्निया नसेल तर सहा महिने व्यायाम करून मगच पुन्हा विचार करेन. क्लिनिकला नकार कळवला आहे. शस्त्रक्रियेसाठी म्हणून बाळाचे रात्रीचे पिणे मी लवकर सोडवणार नाही.